नाताळची गोष्ट बाराव्या वचनाला संपत नाही

दर डिसेंबरला व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: निर्दयी धर्मशाळावाल्याने गरोदर मरीयेला दारातून हाकललं, बाळ गोठ्यात जन्मलं, त्याच रात्री तीन राजे सोनं घेऊन आले आणि दैन्य फिटलं. तात्पर्य, तुमचंही संकट एका रात्रीत टळेल.

मुळात धर्मशाळावाला शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, नाहीच. लूकच्या शुभवर्तमानात (२:७) मराठीत जिथे 'उतारशाळा' येते, तिथे मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा' आहे. शेवटच्या भोजनाच्या खोलीलाही लूक तेच म्हणतो (२२:११). पैसे घेऊन उतरवणाऱ्या सराईसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द आहे. तो येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या गोष्टीत) येतो. तेव्हा इथे भरली होती ती बहुधा कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. तिकडच्या साध्या घरांत माणसं जोत्यावर निजत, जनावरं त्याच छपराखाली खालच्या अंगाला. गव्हाण घरातच असे. खलनायक बाजूला केला की खरे हाल दिसतात: नावनोंदणीचा बादशाही हुकूम, दिवस भरत आलेले आणि नासरेथ ते बेथलेहेम सुमारे दीडशे किलोमीटरची वाट. चित्रातलं गाढवसुद्धा लूकने दिलेलं नाही.

गरिबीचा पुरावा लूक २:२४ मध्ये आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाला कोकरू लागे. ज्यांना ते परवडत नसे, त्यांना होल्यांच्या जोडीची किंवा पारव्याच्या दोन पिलांची सवलत होती (लेवीय १२:८). लूक याच सवलतीतलं अर्पण सांगतो.

तीन राजे? दुसरा शुभवर्तमानकार मत्तय त्यांना 'मागी', म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, म्हणतो, संख्या देत नाही, आणि ते 'घरात' येतात. त्याच रात्री आले, असं कुठेच नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र शेवटाची. मजकूर मत्तय २:१२ ला, मागी माघारी जातात तिथे, थांबतो. पुढच्याच वचनांत मरीयेचा पती योसेफ स्वप्नात सावध होऊन बाळ-बाळंतिणीला घेऊन रात्रीच मिसरला (इजिप्तला) पळतो आणि यहूदियाचा राजा हेरोद बेथलेहेम परिसरातली दोन वर्षांची व त्याखालची मुलं मारतो. त्या आयांना कुणी स्वप्नात सावध केलं नव्हतं. मत्तय तिथे समजूत घालत नाही. सांत्वन नाकारणारी, मुलांसाठी रडणारी इस्राएलची आद्यमाता राहेल उभी करतो. 'संकट टळेल' हे त्या घरांत कसं सांगणार? कॅथलिक चर्च २८ डिसेंबरला, नाताळच्या आठवड्यातच, या मुलांचा सण पाळतं.

कार्यक्रमात वाचन ठेवाल तर मत्तयच्या याच अध्यायाच्या २३व्या वचनापर्यंत ठेवा. हेरोद मेल्यावरही योसेफ यहूदियात परतायला भितो, कारण गादीवर हेरोदाचाच मुलगा अर्खेलाव बसलेला असतो. म्हणून हे कुटुंब गालीलात, नासरेथला जातं.