घरच्या घरी बंडखोर सेनापती कसा घडवावा

तुमच्या पदरी भाडोत्री सैन्य आहे आणि युद्ध नुकतंच हरलात? मग निम्मं काम झालंच म्हणून समजा. उरलेल्यासाठी कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन नगरराज्याचा कित्ता गिरवा. इ.स.पू. २४१ मध्ये ते रोमकडून हरले, ३२०० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदीची खंडणी डोक्यावर बसली, आणि सिसिलीत लढलेले सुमारे २०,००० भाडोत्री थकलेला पगार मागायला निघाले. त्यांतलाच एक लिबियन, म्हणजे कार्थेजच्या आसपासच्या मुलखातला, शिपाई, मॅथोस.

सिसिलीतला तुमचा अधिकारी गिस्को शहाणा निघाला, तर दुर्लक्ष करा. त्याने शिपाई मुद्दाम थोडे थोडे पाठवले. एक तुकडी पैसे घेऊन घरी जावी, मग दुसरी यावी. तुम्ही मात्र सगळे जमू द्या, म्हणजे घासाघीस एकदाच करावी लागेल. शहरात धुडगूस सुरू झाला की प्रत्येकाच्या हातावर एकेक सोन्याचं नाणं टेकवा आणि बायकापोरांसकट सिक्का नावाच्या गावी पिटाळा. (बायकापोरं निदान ओलीस म्हणून तरी कामी आली असती, पण इतका पुढचा विचार करायला वेळ कुणाला?) तिथे ना काम, ना कवायत. रिकामा माणूस थकबाकीचा आकडा फुगवत बसणारच.

मग पैशांऐवजी हॅनो या आपल्या सेनापतीला पाठवा. त्याने तिजोरीतला खडखडाट ऐकवावा आणि जरा कमी घ्या म्हणावं. समोर इबेरियन, गॉल, लिग्युरियन, बालेआरिक बेटांवरचे गोफणवाले, लिबियन. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. निरोप न्यायचा तो नायकांनी. काहींना तो समजलाच नाही आणि काहींनी जाणूनबुजून उलटा सांगितला. सैन्य उठलं ते थेट ट्युनिसजवळ, तुमच्या दारात.

आता घाबरा. स्वस्तात बाजार भरवा, मेलेल्या घोड्यांची किंमत कबूल करा, थकलेल्या धान्याला युद्धातला सर्वांत चढा भाव लावा. कालपर्यंत दिडकी न सोडणारे आज सगळं कबूल करतात, म्हटल्यावर आणखी ताणायला कुणाचं काय जातं?

मॅथोसला मात्र वेगळीच धास्ती होती. बाकीचे पैसे घेऊन समुद्रापार जातील आणि सूड आम्हा लिबियनांवर निघेल. धास्ती अगदी रास्त. जोडीला स्पेंडियस, रोमन मालकाकडून पळालेला गुलाम, परत गेला तर मरण ठरलेलं. अखेर गिस्को पैसे घेऊन आला आणि वाटप सुरू झालं. अखेर गिस्को पैसे घेऊन आला आणि वाटप सुरू झालं. लिबियनांनी आपला वाटा मागितला तेव्हा गिस्को वैतागून म्हणाला, तुमच्या सेनापती मॅथोसकडे मागा. मालकाच्या तोंडूनच शिक्कामोर्तब! तिजोरी लुटली गेली, गिस्को बेड्यांत पडला.

एक तयारी आधीच करून ठेवावी: लिबियन शेतकऱ्यांचं निम्मं पीक उचला, गावांचा कर दुप्पट करा. मग त्यांच्या बायका आपणहून अंगावरचे दागिने बंडाला देतात. त्या पैशांतून मॅथोसने शिपायांची थकबाकी चुकती केली. तुमचं देणं, हो, त्याने फेडलं.

यानंतर तीन वर्षं चार महिने एकमेकांचे हातपाय तोडा. गिस्को त्यातच गेला. स्पेंडियस वाटाघाटीला आला, तेव्हा कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार बार्काने ‘मी निवडेन ते दहा जण द्या’ असा करार केला आणि समोर बसलेल्यांनाच निवडलं. स्पेंडियस क्रुसावर गेला. मॅथोसला कार्थेजच्या रस्त्यांतून हाल हाल करत मिरवलं.

जिंकलात! एवढ्यात रोमने सार्डिनिया बळकावलं आणि वर आणखी १२०० टॅलेंट मागितले. तेही कबूल करा. इथे घासाघीस करायला हॅनोला पाठवू नका.