कवाडाचं अभ्यंगस्नान

दिवाळीला दहा दिवस उरले होते आणि जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते. बायकोनं घर झाडलं, पुसलं, ओटा सारवला. मग अंगणात उभी राहून एकवार सगळीकडे पाहिलं अन् म्हणाली, "घर चांगलं दिसते. दारच तेवढं सुतकात बसल्यावानी दिसते."

दाराची यात काही चूक नव्हती. आजोबांनी परतवाड्याच्या बाजारातून हे सागवान बैलगाडीनं आणलेलं. चौकटीवर दोन मोर कोरलेले, फळ्यांना लोखंडी फुल्या ठोकलेल्या. २०२३ साली बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तेव्हापासून तर थोरले काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचं कवाड दाखवून म्हणतात, "ह्यो त्याचाच चुलतभाऊ." चुलतभावाचे हाल मात्र वाईट होते. उन्हानं लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी पापुद्रा राहतो. खालच्या वीतभर फळीवर बुरशीचा काळा थर. प्रत्येक फुलीखाली काळा ओघळ, कारण सागवानातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि गंजलेलं लोखंड एकत्र आलं की चक्क शाई होते. हे सगळं मला माहीत होतं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. पुढं जे झालं त्याला हेच कारण.

आधी मिस्त्रीला बोलावलं. तो आला, खर्रा घोटत दारापुढं उभा राहिला, नखानं फळी खरवडली, कान लावून टकटक केलं. डॉक्टर पोट दाबून पाहतो तसं. मग म्हणाला, "चार हजार मजुरी, गुरुजी. सामान येगळं."

माझा चेहरा पाहून त्यानं सल्ला फुकट देऊन टाकला. "सोता करान तर आयका. पाणी कमी. घासाचं ते रेघेच्या संगं, आडवं नाई. मंग दोन दिस वाळू द्या. मंग जवसाचं तेल, एकदम पातळ हात, जास्तीचं पुसून घ्या. आन तेलाचे फडके गोळा करून ठेवू नका, सोताहून पेटते ते."

शेवटच्या वाक्याला मी मनातल्या मनात हसलो. फडकं स्वतःहून पेटतं म्हणे!

बंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, चार हजार कायले देता? मोबाइलवर सगळं आहे. डेक क्लीनर आणा, प्रेशर वॉशर मारा, तासाभरात दार नवं."

"डेक म्हणजे जहाजाचा?"

"नाही हो मामा, घरामागचा लाकडी ओटा."

आमचा ओटा शेणाचा. पण 'तासाभरात' हा शब्द डोक्यात बसला.

क्लीनरच्या जागी धुण्याचा सोडा घेतला. गरम पाण्यात कालवून ब्रशनं चोळला. बुरशी गेली, पण लाकूड काळवंडलं. टॅनिनवर अल्कली पडली की असंच होतं, हे आठवलं तेव्हा अर्धं दार झालेलं. उरलेलं अर्धं मग जोडी जुळावी म्हणून केलं. वॉशर ट्रॅक्टर धुण्याच्या सेंटरवरून शेजारच्या पोरानं आणला. त्यानं नळी हातात घेतली आणि नांगराला चिकटलेला चिखल काढायच्या जोरानं दारावर धरली. घाण गेली हे खरं. सोबत लाकडाचे नरम धागेही गेले आणि उरलेले उभे राहिले. फळी ओल्या मांजरीसारखी दिसायला लागली. डाव्या मोराची चोच अंगणात सापडली.

"पाणी कमी म्हणाला होता ना तो?" बायकोनं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सोड्याचा काळेपणा काढायला अमरावतीहून ऑक्झॅलिक आम्लाची पांढरी पूड मागवली. हे खरोखर चालतं, सांगतो. हातमोजे घालून, डोळे जपून, पाण्यात विरघळवून ब्रशनं लावलं आणि पंधरा मिनिटांत फुल्यांखालचे शाईचे ओघळ फिके पडत गेले. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता फक्त भरपूर पाण्यानं धुवायचं होतं. बोअर चालू केला, बादल्यावर बादल्या ओतल्या.

सकाळी उठून पाहतो तर दार पांढरं!

आमचं गाव खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं होतं, चहा नासतो, साबणाला फेस येत नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. हा प्रयोग मी तीस वर्षं बशीत करून दाखवत आलो. या वेळी आठ फुटी दारावर केला.

मी विचार करत बसलो असतानाच शेजारची बकरी आली. तिनं दार हुंगलं आणि चाटायला सुरुवात केली. खालची फळी, मग मधली, मग मागच्या पायांवर उभी राहून कडीपर्यंत. धाग्याच्या दिशेनं चाटत होती, आडवं नाही. थोरले काकाजी ओसरीतून पाहत होते. म्हणाले, "हाकलू नको बे, हिलेच कारागिरी समजते."

उरलेलं मीठ नळाच्या, म्हणजे धरणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. नळ तीन दिवसांआड येतो, त्यात एक दिवस वाट पाहण्यात गेला. दोन दिवस वाळवायचं होतं, एकच मिळाला. उभे राहिलेले धागे १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासले. आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी घाण्याचं जवसाचं तेल घेतलं. पातळ हात मारायचा होता, पण दारानं इतकं सोसलं होतं की माझाच जीव राहिना. बाळंतिणीला चोळावं तसं चोळलं.

रात्री हात धुवायला मागच्या पडवीत गेलो तर जळका वास. कोपऱ्यात तेलाच्या फडक्यांचा बोळा. हात लावला तर गरम, चुलीवरून उतरवलेल्या भाकरीसारखा. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. भिंतीपलीकडच्या खोलीत सात क्विंटल कापूस, शेतात सीतादही म्हणजे पहिल्या वेच्याची पूजा करून आणलेला. मी तो बोळा चिमट्यानं धरून पळत हौदात टाकला. नंतर एकेक फडकं तारेच्या कुंपणावर पसरलं. ही गोष्ट बायकोला अजून माहीत नाही, हा लेख ती वाचणार नाही अशी आशा आहे.

कच्चं जवसाचं तेल जाड लावलं की आठवडे चिकट राहतं. सकाळी शेतातून कापसाच्या गाठोड्यांची गाडी आली. गडी ती दारातूनच आत नेणार, दुसरा रस्ताच नाही. एकेक गाठोडं दाराला घासत गेलं. जावई उतरले तेव्हा दोन्ही फळ्यांना पांढरीशुभ्र दाढी आली होती आणि बिनचोचीच्या मोराला मिशी.

"दार वेगळंच आहे, बाबा," जावई अदबीनं म्हणाले.

भाऊबीजेला मिस्त्री फराळाला आला. दारापुढं थांबला. दाढीतून बोट फिरवलं, चिमूटभर कापूस उपटून त्याचा धागा ओढून पाहिला, जिनिंगवाला पाहतो तसा.

"गुरुजी," तो म्हणाला, "सीतादही केलं का नाई? ह्याचाबी पयला वेचा आला."