शार्कच्या कूर्चेचं भूत आणि माझं एक चुकलेलं वाक्य

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना अर्धं म्हणणं तरी पटलं. तुम्ही लिहिलंय की, माशांच्या ऊतींतल्या गुंतागुंतीच्या शर्करांवरचा, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांवरचा, माझा लेख म्हणजे कॅन्सरवरचा इलाज म्हणून शार्कची कूर्चा विकण्याच्या जुन्या धंद्याला दिलेला नवा रंग आहे. शिवाय डुकराच्या आतड्यापासून चांगलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिळत असताना माशांच्या मागे लागायचंच कशाला?

शार्कचं आधी मिटवू. 'शार्कला कॅन्सर होत नाही' हे धादांत खोटं आहे. त्यांच्यातही गाठी सापडलेल्या आहेत. शार्कच्या कूर्चेपासून केलेल्या एका अर्काची फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि आयुष्य काही वाढलं नाही. गुडघेदुखीसाठी गोळ्यांतून घेतलं जाणारं कॉन्ड्रॉइटिन सल्फेटही (कूर्चेतली अशीच एक शर्करेची साखळी) २००६ च्या १,५८३ रुग्णांच्या चाचणीत एकूण गटात डमी गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. इथे तुमच्याशी वाद नाही.

आता माझी चूक. मी लिहिलं होतं, 'सामन माशातलं हेपरिन डुकराच्या हेपरिनसारखंच असल्यामुळे तो सुरक्षित पर्याय आहे.' या वाक्यातला 'सारखंच' हा शब्द मला भोवला, आणि भोवायलाच हवा होता. २००८ साली हेपरिनच्या काही साठ्यांत एक भेसळ सापडली. कॉन्ड्रॉइटिनवर रासायनिक प्रक्रिया करून त्याला जास्तीचे सल्फेट चिकटवलेले होते. तेही रक्त गोठू देत नसल्यामुळे त्या काळच्या नेहमीच्या चाचणीत ते खपून गेलं. शरीरात गेल्यावर मात्र त्यानं रक्तातलं कॅलिक्रीन हे विकर चेतवलं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावणारं ब्रॅडिकिनिन वाढलं, रक्तदाब कोसळला, आणि रुग्ण दगावले. शेवटी चोर पकडला तो एनएमआर (चुंबकक्षेत्रात रेणूची रचना वाचायचं तंत्र) आणि केशिका विद्युतसंचलनानं (बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करायचं तंत्र), म्हणजे साखळीची रचना प्रत्यक्ष पाहिल्यावर. एवढं ठाऊक असूनही मी 'सारखंच' लिहून मोकळा झालो.

या साखळ्या आहेतच तशा चकवणाऱ्या. प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. शर्करेच्या साखळीला तसा साचा नसतो. पेशीतली विकरं एकेक घटक जोडत जातात, कुठे सल्फेट लावतात, कुठे सोडून देतात. त्यामुळे एकाच माशाच्या कातडीतली साखळी वेगळी आणि कूर्चेतली वेगळी. हेपरिन अँटिथ्रॉम्बिनला (रक्त गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला) जिथे धरतं तो पट्टा अवघ्या पाच शर्करांचा आहे. त्यातल्या मधल्या शर्करेवरचा एक ठरावीक सल्फेट काढला की पकड जवळजवळ सुटतेच. वाम माशाच्या कातडीतलं डर्माटन सल्फेट (अशीच आणखी एक साखळी) तर वेगळ्याच वाटेनं जातं. अँटिथ्रॉम्बिनला बाजूला ठेवून हेपरिन कोफॅक्टर-२ या दुसऱ्या प्रथिनामार्फत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला आवरतं.

मग डुकराचं असताना हा खटाटोप कशाला? कारण हेपरिनचा स्रोत आजवर स्थिर राहिलेलाच नाही. १९१६ मध्ये ते सापडलं कुत्र्याच्या यकृतात. यकृताच्या ग्रीक नावावरूनच त्याचं बारसं झालं. पुढे गुरांची फुप्फुसं वापरली गेली. मॅड काऊच्या भीतीनं अमेरिकेत ते बंद झालं आणि सगळा भार डुकरावर आला. २००८ च्या भेसळीआधी चीनमध्ये डुकरांत साथ पसरून कच्च्या मालाची चणचण झाली होती, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. शिवाय अनेकांना गाय किंवा डुक्कर धर्मामुळे चालत नाही. मासा या दोन्ही अडचणींतून वाट काढू शकतो, आणि त्याची कातडी, काटे, कल्ले एरवी फेकूनच दिले जातात.

तरीही 'सुरक्षित' म्हणायला अजून फार अवकाश आहे. विद्यार्थी असताना मी माशाच्या कातडीवर काम केलंय. अॅसिटोननं चरबी काढायची, पपेन या पपईतल्या विकरानं प्रथिनं पचवायची, अल्कोहोलमध्ये साखळ्या खाली बसवायच्या, मग आयन-विनिमयाच्या स्तंभातून त्या विद्युतभाराप्रमाणे वेगळ्या करायच्या. (कपड्यांचा वास आठवडाभर जात नाही, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात सांगितलेलं नसतं.) हाती पांढरी पूड आली की काम झालं असं वाटतं. खरं तर तिथून सुरुवात होते: विकरांनी साखळी तोडून तिचे दोन-दोन शर्करांचे तुकडे मोजायचे, एनएमआर काढायचा, आणि प्रथिनाचा अंश उरला नाही ना हे तपासायचं. माशाची अॅलर्जी होते ती त्यातल्या प्रथिनांमुळे, त्यामुळे तो अंश दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. 'औषध झाल्याशिवाय अभ्यास फुकट' असं तुम्ही म्हणता. पण २००८ मध्ये भेसळ ओळखता आली, ती अशा साखळ्या वाचण्याची साधनं लोकांनी आधी घडवून ठेवली होती म्हणून.

मूळ लेखातलं ते वाक्य खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही. शीर्षकातला 'औषध' हा शब्दही काढला आणि तिथे 'साखळ्या' लिहिलं. वाचक कमी येतील, येऊ देत.