धुराबरोबर मशेरीचंही विचारा

फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजारात, सिगारेट ओढणाऱ्यांना विसराळूपणा आणि लक्ष न लागणं जास्त जाणवतं, हे या आजारावरच्या तुमच्या लेखात नीट मांडलंय. पण ‘आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न इथे फारसा लागू नाही’ हे त्यातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. हा आजार मुळात बायकांमध्येच जास्त आढळतो. आणि २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या धूम्रपान करणाऱ्या बायका २ टक्के होत्या, पण मशेरीसकट धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के!

माझी आई साताऱ्याकडची. अंग ठणकायला लागलं की तव्यावर काळीभोर भाजलेली तंबाखूची मशेरी बोटावर घेऊन दातांना लावत बसते, रात्री झोपताना तर हमखास. निकोटीनने झोप उडते, सकाळी अंग आंबलेलं असतं, मग गॅसवर दूध ठेवल्याचंही तिच्या लक्षात राहत नाही. दवाखान्यात मात्र तिच्या कागदावर ‘धूम्रपान : नाही’ एवढंच लिहिलं गेलं. मशेरीबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि तीही आपणहून सांगणार नाही, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. विसराळूपणा मशेरीमुळेच असं मी म्हणत नाही; दुखणं आणि अपुरी झोपही डोकं जड करतात, आणि दुखतं म्हणूनच मशेरी वाढते. पण विचारलंच नाही तर हे कळणार कसं? तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट समुपदेशन मिळतं, तेही लेखात यायला हवं होतं.