पायक्यूटी आणि पैशांचा घोळ

आमच्या मुंबईतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पायक्यूटी वापरलंत की लायसन्सचे पैसे भरावेच लागतात, तेव्हा मायक्रोस्कोपच्या प्रतिमांसाठी गपचूप टीके-इंटर धरा.' हे खरं नाही. (दोन्ही पायथॉनमध्ये प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि बटणं बनवायची साधनं.)

पायक्यूटी जीपीएल ३ या खुल्या सोर्सच्या लायसन्सखाली फुकट मिळतं. लॅबमध्ये स्वतःपुरतं वापरा, कुणी पैसे मागणार नाही. प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर सोर्स कोडही द्यावा लागतो. तो झाकून ठेवायचा असेल तरच व्यावसायिक लायसन्स घ्यायचं. तेही नको तर पायक्यूटीचंच जुळं म्हणावं असं पायसाइड ६ आहे, एलजीपीएल या जरा सैल लायसन्सखाली. दोन्हींचा कोड इतका सारखा, की बरेचदा इम्पोर्टच्या ओळी आणि सिग्नलचं (बटण दाबल्यासारख्या घटनेची वर्दी देणाऱ्या गोष्टीचं) नाव बदललं की भागतं. नापारी, म्हणजे अशा प्रतिमा बघायचं पायथॉनमधलं सॉफ्टवेअर, तर दोन्हींवर चालतं.

टीके-इंटर वाईट नाही. एक फोटो, दोन बटणं, झकास! पण २०४८ बाय २०४८ ची १६ बिटी प्रतिमा ८ एमबीची. असे १०० थर म्हणजे ८०० एमबी. स्लायडर सरकवत ते बघायचे तर नापारीच बरं, ते चित्र ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतं.

आणि खिडकी गोठते ती बहुधा आपणच सगळं गणित मुख्य थ्रेडवर, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या धाग्यावरच टाकल्यामुळे. परवा माझीच गोठली, त्या नादात ठाणे लोकल चुकली.