‘आजीला जमतं, ते सिस्टरला काय शिकवायचं?’

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या. परवा एका डॉक्टरांनीही तो हसऱ्या चेहऱ्यासकट पुढे ढकलला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. मजकूर थोडक्यात असा:

“हॉस्पिटलात शुगर तपासायला म्हणे प्रशिक्षित स्टाफ लागतो. आमची आजी कित्येक वर्षं घरी स्वतः तपासते, तिला कुणी ट्रेनिंग दिलं? टोचा, थेंब लावा, आकडा वाचा. मशीन तेच. ट्रेनिंग, क्यूसी, रजिस्टर हे सगळे बिल फुगवायचे धंदे. लॅबचा आणि मशीनचा आकडा जुळला नाही तर समजा मशीन बोगस. सुई नवी असली की टोचायचं पेन कुणाचंही चालतं. शहाणे असाल तर आपलं मशीन घेऊन जा आणि त्यावरच इन्सुलिन द्यायला लावा.”

मी लॅबमध्ये काम करते. वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरना एचजीटी, म्हणजे खाटेशेजारी बोट टोचून करायची शुगर, शिकवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही. एक एक वाक्य घेऊ.

“आजीला कुणी ट्रेनिंग दिलं?”

आजीला जमतं, हे अगदी कबूल. पण आजी एकाच माणसाचं बोट टोचते, स्वतःचं. काल काय खाल्लं, आज गोळी घेतली की नाही, हात कशाने चिकट झालेत, सगळं तिला ठाऊक असतं. आकडा पटला नाही तर ती पुटपुटते, हात धुते आणि दुसरी पट्टी काढते.

वॉर्डात पहाटे सहाची वेळ बघा. नाइट ड्यूटी संपत आलेली, सिस्टर ट्रे घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातेय. एक रुग्ण ग्लानीत, एकाला ऐकू येत नाही, एकाच्या उशाशी रात्री कुणीतरी मोसंबी सोलून ठेवलेली. आकडा चार्टवर चढतो, स्लायडिंग स्केल, म्हणजे कुठल्या आकड्याला किती इन्सुलिन याचा तक्ता, बघून इन्सुलिनची युनिट ठरतात आणि नाश्त्याआधी ती टोचलेलीही असतात. आकडा चुकीचा जास्त आला असेल, तर मुळात ठीक असलेल्या माणसाची शुगर आपण आपल्या हाताने खाली पाडतो. ७० च्या खाली घाम, थरथर. ५४ च्या खाली मेंदूला साखर कमी पडायला लागते. आणि जो आधीच ग्लानीत आहे, तो ‘मला कसंतरी होतंय’ असं सांगणारही नाही.

मोसंबीचं उगाच नाही म्हटलं. शिकवताना मी हे करूनच दाखवते. मधुमेह नसलेल्या एखाद्या सिस्टरला मोसंबी सोलायला लावायची आणि त्याच बोटातून शुगर काढायची. आकडा बघून ती बिचारी घाबरते. मग स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून पुन्हा काढायची. तरी जास्तच. शेवटी साबण, नळाचं पाणी, कोरडा टॉवेल, आणि आकडा जागेवर येतो. २०११ साली जपानी डॉक्टरांनी संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून हाच प्रयोग पद्धतशीर केला होता. स्पिरिटने पुसूनही आकडा फसवाच राहिला, पाण्याने हात धुतल्यावर सुधारला.

हे होतं कसं, याचा हिशेब सोपा आहे. पट्टी साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढते. शुगर १०० असेल, म्हणजे दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम. बोटावर फळाच्या रसातलं आणखी अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज असलं, की १०० चे २०० झाले. डोळ्याला तर काहीच दिसत नाही.

मग बोट गार असलं की दाबून दाबून थेंब काढायची सवय. पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा बिघडतो. हात कोमट करा, खाली लोंबू द्या, बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा. हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. लिहायला एक ओळ, पण हाताला वळण लागायला वेळ जातो. स्पिरिट न वाळताच टोचणारे तर मला आजही भेटतात.

“मशीन तेच.”

एक वेळ मशीन तेच असेल, रुग्ण तो नसतो. सगळ्या मजकुरातली सगळ्यात घातक ओळ मला हीच वाटते.

यंत्राने गृहीत धरलेलं असतं की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण आहे आणि बोटापर्यंत रक्त नीट पोचतंय. घरी चालत्याफिरत्या माणसात दोन्ही बहुधा खरं असतं. हॉस्पिटलात ॲनिमियाचे रुग्ण असतात. पेशी कमी असल्या की बरीच यंत्रं शुगर आहे त्याहून जास्त दाखवतात. नवजात बाळाचं उलट. त्याच्या रक्तात पेशी जास्त, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, म्हणून बाळाचा कमी आकडा लॅबकडून पक्का करून घ्यायचा. पण लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत उपचार अडवायचे नाहीत, हेही शिकवावं लागतं. शॉकमध्ये गेलेल्या, बीपी पडलेल्या, बोटं गार पडलेल्या रुग्णात बोटाच्या रक्तावर भरवसाच ठेवायचा नाही, नमुना शिरेतून किंवा धमनीतून घ्यायचा. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस शिरेतून चालू असतील तर काही यंत्रं त्यालाच साखर समजतात.

यातून माणसं दगावलेली आहेत. काही पट्ट्यांमधल्या साखर ओळखणाऱ्या एन्झाइमला ग्लुकोज आणि माल्टोज या दोन साखरांतला फरक कळत नसे. पोटातून डायलिसिस करताना वापरतात त्या आयकोडेक्स्ट्रिनच्या द्रावणातून शरीरात माल्टोज तयार होतं. यंत्र ते मोजून भरमसाट शुगर दाखवायचं आणि त्यावर इन्सुलिन दिलं जायचं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ साली याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे १९९७ पासूनच्या अशा १३ मृत्यूंची नोंद होती. म्हणून मी शिकवताना पट्टीच्या डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद उघडून वाचायला लावते. कंटाळतात सगळे. कंटाळू देत.

आता सलाइनचं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, सलाइनमध्ये दर डेसिलिटरला ५००० मिलिग्रॅम साखर. टोचायला नको म्हणून कुणी डेक्स्ट्रोज चालू असलेल्या लाइनमधूनच, म्हणजे शिरेतल्या सलाइनच्या नळीतूनच, रक्त काढलं आणि त्यात एक दशांश सलाइन मिसळलं, तर १०० शुगरच्या माणसाचा आकडा ५९० च्या घरात जातो. आजीच्या घरी लाइन नसते.

आणि ‘तेच मशीन’ हे नियामकांनाही मान्य नाही. घरगुती यंत्रांसाठीचं २०१३ चं आंतरराष्ट्रीय (आयएसओ) मानक म्हणतं की १०० किंवा त्यापुढच्या शुगरला शंभरातले ९५ आकडे १५ टक्क्यांच्या आत असावेत, आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. हॉस्पिटलात वापरायच्या यंत्रांसाठी एफडीएने २०१६ मध्ये वेगळी आणि कडक अट सुचवली: ७५ च्या वर ९५ टक्के आकडे १२ टक्क्यांच्या आत. आपल्याकडच्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये घरगुती यंत्रच वॉर्डात फिरतं. तिथे तर यंत्र कुठे फसतं हे वापरणाऱ्याला जास्तच माहीत हवं.

“क्यूसी, रजिस्टर हे धंदे.”

क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, यंत्र आणि पट्टी बरोबर मोजतात का याची पडताळणी. पट्टीवरचं एन्झाइम ओल धरतं. जुलैतल्या कोकणात डबीचं झाकण उघडं ठेवून बघा. घाईत पाच-सहा पट्ट्या काढून ट्रेमध्ये सुट्ट्या ठेवायच्या, ही वॉर्डातली लाडकी युक्ती. एचजीटीची फेरी लवकर उरकते आणि आकडे बिघडतात. पट्टी खराब झालीय हे तिच्याकडे बघून कळत नाही. कंट्रोल सोल्युशनचा, म्हणजे साखरेचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाचा, थेंब टाकून आकडा ठरलेल्या मर्यादेत येतो का बघणं, हाच उपाय. त्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहायची, कारण उघडल्यावर तिचं आयुष्य साधारण तीन महिने. रजिस्टर यासाठी असतं.

हां, एक तक्रार मात्र रास्त आहे. काही ठिकाणी ट्रेनिंग म्हणजे अर्ध्या तासाचं भाषण, हजेरीपटावर सह्या आणि कंपनीच्या माणसाने आणलेले समोसे. यंत्र विकणाऱ्याने बटणं दाखवली म्हणजे स्टाफ शिकला असं होत नाही. प्रत्येकाकडून समोर करून घ्यायचं, चुका तिथल्या तिथे दाखवायच्या आणि वर्षाने पुन्हा बघायचं. हे होत नसेल तर जरूर बोंब मारा.

“लॅबशी जुळलं नाही म्हणजे बोगस.”

समजा खरी शुगर २००. यंत्राने २१५ दाखवली तर तो मानकाच्या आतलाच आकडा. त्याच वेळी शिरेतून काढलेली नळी दोन तास वॉर्डातच पडून राहिली. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्या तासाला पाच ते सात टक्के साखर खातात. लॅबच्या हाती आले १७५. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड हे खाणं थांबवतं, पण लगेच नाही. म्हणजे ४० चा फरक पडला आणि यंत्र कुणाचंच बिघडलेलं नाही. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर मुळातच जास्त असते. तुलना करायचीच तर उपाशीपोटी, एकाच वेळी रक्त काढून, नळी लगेच लॅबला पोचवून करा. त्यानंतरही आकडे फटकून राहिले, तर यंत्रावर संशय घ्यायला मी तुमच्या बरोबर आहे.

“सुई नवी की पेन कुणाचंही चालतं.”

नाही चालत. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाशी रक्ताचा न दिसणारा अंश राहतो आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. अमेरिकेत वृद्धांच्या निवासांमध्ये अशा सामायिक पेनांमुळे हिपॅटायटिस बीच्या साथी झाल्या आहेत. वॉर्डात एकदा वापरून फेकायची, आपोआप आत जाणारी लॅन्सेटच, म्हणजे टोचायची सुईच, हवी. दोन रुग्णांच्या मध्ये हातमोजे बदलायचे आणि यंत्र पुसायचं, तेही कंपनीने सांगितलेल्या निर्जंतुकाने. स्पिरिट त्याला पुरत नाही.

“आपलं मशीन घेऊन जा.”

जरूर न्या. घरच्या नोंदी त्यात असतात, डॉक्टरांना त्या उपयोगी पडतात. पण भरती असताना इन्सुलिन त्या आकड्यावर मागू नका. तुमच्या यंत्राची क्यूसी शेवटची कधी झाली, पट्ट्या कपाटात होत्या की गाडीच्या डॅशबोर्डवर, हे सिस्टरला कळायला मार्ग नाही. आकडा पटला नाही तर ‘हात धुऊन पुन्हा काढता का?’ असं सरळ विचारा. आणि रुग्णाला घाम सुटलाय, तो असंबद्ध बोलतोय, तरी कुठलंही यंत्र १४० दाखवत असेल, तर यंत्रांची तुलना करत बसू नका. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.