सिलिंडर लीक आहे!

रविवारी सकाळी मी पार्किंगमधून वर बघून ओरडलो, ‘‘अगं, सिलिंडर लीक आहे!’’ अर्ध्या मिनिटात आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद झाला आणि देवापुढचं निरांजन, दिव्यावर फुंकर मारू नये हा नियम मोडून, फुंकर मारूनच विझवण्यात आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दागिन्यांचा डबा काखेत मारून जिन्यात आल्या. ‘‘गाडीचा गं! क्लचचा!’’ हे माझं पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

तसा गुन्हा माझाच. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट पंधरा दिवस ओली होती. पावसाळा, म्हणून आधी छत्रीवर आळ घेतला, मग चिरंजीवांच्या पाण्याच्या बाटलीवर. पाणी वाळतं, हे वाळत नाही आणि वर चप्पल सटकते, हे ध्यानात यायला मला दोन आठवडे लागले. मध्येच बॉनेट उघडून डबीतलं ब्रेक ऑइल कमी दिसलं, तर ते भरून मोकळा झालो. भरताना चार थेंब मडगार्डवर सांडले. नंतर पुसू म्हटलं. संध्याकाळपर्यंत तिथल्या रंगाला तळलेल्या पापडासारखे फोड आले होते.

मग वाईहून परत येताना सुरूर फाट्यावर क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईचना. शेवटी बुटाच्या टोकानं उचलून आणलं. शेजारी सासरे होते. बत्तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. ‘‘सरका, जावईबापू,’’ एवढंच म्हणाले. इंजिन बंद, पहिला गिअर, तसाच स्टार्टर. गाडी दोन उड्या मारून निघाली. पुढचे गिअर त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकत, क्लचला पायही न लावता टाकले. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, सगळं लोण्यासारखं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मात्र रांग होती. गाडीभर पुढं सरकायचं की इंजिन बंद, पुन्हा चालू, पुन्हा उडी. अकरा वेळा आम्ही चौघांनी काचेला नमस्कार घातला.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता निकाल दिला. ‘‘क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायला लागेल.’’ आकडा असा सांगितला, की गाडी त्यालाच आंदण द्यावी. मला पटेना. प्लेट झिजली की इंजिन बोंबलतं, गाडी जागची हलत नाही आणि करपल्याचा वास येतो. इथं रोग उलटा, प्लेट सुटतच नव्हती. पेडल भराभर पाच-सहा वेळा हाणलं की रिव्हर्स पडायचा, मिनिटभर थांबलं की पुन्हा करकर. म्हणजे क्लच ज्या ऑइलच्या दाबावर चालतो, तो दाब कुठूनतरी निसटत होता. पेडलामागचा वरचा सिलिंडर, नाहीतर गिअरबॉक्सजवळचा खालचा, नाहीतर मधली नळी. नळी आणि खालच्याचं रबर खडखडीत कोरडं. मग पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलांत, तोंडात टॉर्च अशा आसनात मी डॅशबोर्डखाली शिरलो. सिलिंडरातून पेडलाकडे येणाऱ्या दांड्यावर चहाच्या रंगाचा एक थेंब लोंबत होता. बघता बघता तो माझ्या कपाळावर पडला. रोगनिदान झालं आणि मी वर बघून ओरडलो, ते वर सांगितलंच.

आत कोटाच्या बटणाएवढं एक रबर असतं. ते झिजलं की सगळा खेळ खलास. बरं, आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं ऑइल पितात. क्लचची नळी डबीला जरा वर लावलेली, त्यामुळे ऑइल उतरलं की आधी क्लच उपाशी पडतो, ब्रेकच्या वाट्याचं तळाशी उरतं. ही नळी वर बसवणाऱ्या इंजिनिअरला मी त्याच आसनातून हात जोडले.

नुसतं कीट, म्हणजे आतली नवी रबरं, टाकून भागलं असतं, पण आतून चरे पडले होते, म्हणून अख्खा सिलिंडर आणला. दोन नट बारा नंबरच्या पान्यानं निघाले. स्प्लिट पिन निघाली ती थेट कार्पेटखाली गेली, अजून तिथंच आहे.

खरी परीक्षा नळीत शिरलेली हवा काढताना. अण्णा, म्हणजे सासरे, पेडलावर, मी गाडीखाली, खालच्या सिलिंडरच्या निपलाला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, सलाइनची नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. त्यांनी दाबून धरायचं, मी निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, आवळायचं, मग त्यांनी सोडायचं. आवळण्याआधी पाय उचलला की निपल हवा आत ओढतं आणि पहिल्यापासून सुरुवात. आता सासऱ्यांवर ओरडायचं कसं? ‘‘अण्णा, जरा धरून ठेवता का?’’ हे आदरयुक्त वाक्य संपेपर्यंत त्यांचा पाय वर आलेला असायचा. वर त्यांचाही आदर. ‘‘तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू!’’ या सौजन्यात अर्धा लिटर ऑइल संपलं. शेवटी बायको खिडकीत आली. ‘‘अण्णा, दाबा! धरा! अहो, उघडा! आवळा! अण्णा, सोडा!’’ सात-आठ फेऱ्यांत बुडबुडे बंद. रिव्हर्स न करकरता पडला. अण्णा चहाला वर गेले.

मी हात पुसत जिना चढत होतो, तर काकू दारातच.

‘‘मिळाला का हो सिलिंडर?’’

‘‘मिळाला. लगेच बसवलासुद्धा.’’

‘‘रविवारी? कितीला पडला?’’

‘‘अठराशे.’’

काकूंनी दार लोटलं आणि आतून आवाज आला, ‘‘अहो, ऐकलंत का? आजच्या आज बुकिंग करा!’’